मुशीत उरलेले तांबे

मोरचुदाचा निळा खडा मुशीत ठेवून हळूहळू तापवला तर तो एका दमात पांढरा होत नाही. शंभर ग्रॅम मोरचूद घेतले असेल तर आधी त्यातून साधारण १४.४ ग्रॅम पाणी जाते. मग तेवढेच पुन्हा जाते. शेवटचे ७.२ ग्रॅम मात्र अडून बसते आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता पोचली की निघते. एकूण ३६ ग्रॅम पाणी गेले की मागे पांढरी पूड राहते. मोरचुदाच्या प्रत्येक घटकात पाण्याचे पाच रेणू असतात. ते दोन, दोन आणि एक असे तीन तुकड्यांत बाहेर पडतात. पाचही रेणू पाण्याचेच, पण स्फटिकातली त्यांची जागा सारखी नाही. चार रेणू तांब्याला थेट बांधलेले आहेत, पाचवा सल्फेटशी हायड्रोजन बंधांनी अडकलेला आहे. काही पाणी गेले की उरलेला स्फटिक स्वतःची मांडणी बदलतो आणि पुढच्या रेणूंना सोडवायला नव्याने उष्णता मोजावी लागते.

म्हणजे जाणारे वजन आणि त्या वेळचे तापमान एवढ्या दोनच गोष्टी नीट टिपल्या, तरी स्फटिकाच्या आतल्या घडणीचा बराच अंदाज येतो. या प्रकरणाचा सगळा डोलारा या साध्या निरीक्षणावर उभा आहे. फरक इतकाच की इथे तांब्याभोवती पाणी नाही, नायट्रोजन असलेली सेंद्रिय संयुगे आहेत. ती पाण्यासारखी निमूटपणे निघून जात नाहीत. काही शाबूत जातात, काही मोडतात, काही जाता जाता तांब्याला आपले इलेक्ट्रॉन देऊन जातात आणि एक तर जातच नाही. मुशीत शेवटी मीठ उरेल, काळे ऑक्साइड उरेल की चकचकीत तांबे उरेल, हे त्यावर ठरते.

तांब्याला नायट्रोजनची ओढ किती आहे हे बारावीच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने पाहिलेले असते. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनिया टाकत गेले की आधी साका येतो, मग तो विरघळतो आणि द्रावण गर्द निळे होते. हा रंग सोळाव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस लिबावियस या जर्मन रसायनज्ञाने नोंदला होता. त्याचे कारण कळायला मात्र आणखी तीनशे वर्षे लागली. झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये मांडले की धातूच्या अणूभोवती ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांना इतर रेणू थेट बांधले जातात. या कामासाठी त्याला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बांधणाऱ्या अशा रेणूला लिगँड म्हणतात आणि तयार होणाऱ्या संयुगाला जटिल संयुग.

गर्द निळ्या द्रावणातून मिळणाऱ्या स्फटिकात एका तांब्याभोवती अमोनियाचे चार रेणू असतात. चारच का, सहा का नाहीत, हा प्रश्न पुढच्या सगळ्यासाठी महत्त्वाचा आहे. तांब्याच्या द्विभारी आयनाच्या बाहेरच्या d-उपकवचात नऊ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची ही असमान मांडणी त्याला सर्व बाजूंनी सारखे राहू देत नाही. हर्मन यान आणि एडवर्ड टेलर यांनी १९३७ मध्ये दाखवले की अशा स्थितीत रेणू आपला आकार बिघडवून घेतो. तांब्याच्या बाबतीत एका प्रतलातले चार बंध आखूड व मजबूत होतात, वरचा आणि खालचा बंध लांबतो आणि सैल पडतो. म्हणून पाण्यातल्या द्रावणात अमोनिया चारवर थांबतो. सहा रेणू बसवायचे तर द्रवरूप अमोनियाच वापरावा लागतो. जटिल संयुग तापवताना या सैल जागांवर कोण बसले आहे हे आधी पाहावे, कारण तेथील रहिवासी बहुधा पहिल्यांदा बाहेर पडतो.

हे बाहेर पडणे मोजण्याचे साधन जपानमध्ये आकाराला आले. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात कोतारो होंदा याने १९१५ मध्ये तराजूचा एक हात विजेच्या भट्टीत सोडला आणि पदार्थ तापत असतानाच त्याचे वजन घेण्याची सोय केली. त्याने या यंत्राला उष्मतराजू म्हटले. आज त्याचाच वंशज टीजीए या नावाने विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून दिसतो. पाच-दहा मिलिग्रॅम पदार्थ छोट्या मुशीत ठेवायचा, मिनिटाला दहा अंश अशा वेगाने तापवायचा आणि वजनाची रेघ उमटताना पाहायची. रेघ सपाट असेल तेव्हा काही जात नाही. ती उतरते तेव्हा काहीतरी सुटते आहे. अमोनियाच्या त्या निळ्या स्फटिकात, सल्फेट आणि पाण्याचा एक रेणू धरून, शंभर भागांत ७.३ भाग पाणी आणि २७.७ भाग अमोनिया असतो. रेघ टप्प्याटप्प्याने उतरत ६५ वर येऊन थांबली तर समजावे की सारे पाणी आणि सारा अमोनिया गेला आणि निर्जल कॉपर सल्फेट राहिले. आणखी बरेच तापवत नेले की सल्फेटही मोडते आणि रेघ ३२.४ वर येते. हे काळे कॉपर ऑक्साइड.

आता सेंद्रिय लिगँडांकडे येऊ. इथे मला दोन द्रव शेजारी ठेवावेसे वाटतात. पाइरिडीन ११५ अंशांना उकळते, एथिलीनडायअमीन त्याहून दोन-एक अंश वर. मोकळे असताना दोघांची उडून जाण्याची तयारी जवळपास सारखी. पाइरिडीनच्या कड्यात नायट्रोजन एकच असतो, म्हणून ते तांब्याला एका हाताने धरते. एथिलीनडायअमीनच्या दोन्ही टोकांना नायट्रोजन असल्याने ते दोन हातांनी धरते. एवढ्या फरकाने तापवल्यावरचे वर्तन पूर्ण बदलते.

कॉपर क्लोराइड आणि पाइरिडीन यांच्या निळ्या संयुगात दर तांब्यामागे पाइरिडीनचे दोन रेणू असतात आणि प्रत्येकाचा वाटा वजनाच्या २७ टक्के असतो. शंभर ते दोनशे अंशांच्या दरम्यान पाइरिडीन सुटू लागते आणि ते अखंड रेणूच्या रूपात बाहेर येते. थंड पृष्ठभागावर धरले तर तोच वास, तोच द्रव परत मिळतो. जाणाऱ्या पाइरिडीनची जागा रिकामी राहत नाही. शेजारच्या साखळीतले क्लोरीन पुढे सरकतात आणि दोन तांब्यांमध्ये पूल बांधतात. त्यामुळे दुसरा रेणू पहिल्यापेक्षा वेगळ्या परिसरातून निघतो आणि आलेखात दुसरी पायरी दिसते.

एथिलीनडायअमीनचा एक हात उष्णतेने सुटला तरी दुसरा धरून असतो आणि सुटलेला हात फिरून पुन्हा पकडतो. दोन्ही हात एकाच वेळी सुटण्याची वाट पाहावी तर तापमान २०० अंशांच्या वर जाते. तोवर खुद्द रेणूच्या आतले कार्बन-नायट्रोजन आणि कार्बन-हायड्रोजन बंध डळमळू लागलेले असतात. म्हणून तो बहुधा शाबूत बाहेर येत नाही. अमोनिया आणि कार्बनी तुकडे बाहेर पडतात आणि आलेखाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात. घट्ट धरणारा लिगँड उष्णतेपुढे जास्त टिकतो हे खरे, पण त्याची किंमत अशी की शेवटी त्याला मोडूनच जावे लागते. जिथून सुटका सोपी नाही तिथे विघटनाची रसायनक्रिया गुंतागुंतीची होते, आणि माझ्या मते या विषयातला खरा रस तिथूनच सुरू होतो.

ऑक्सफर्डच्या हॅरी आयर्व्हिंग आणि रॉबर्ट विल्यम्स यांनी १९४८ मध्ये एक क्रम मांडला, जो आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे, जस्त या द्विभारी आयनांपैकी द्रावणात लिगँडला सर्वांत पक्के धरतो तो तांबे. यावरून विद्यार्थी सहज निष्कर्ष काढतात की तापवल्यावरही तांब्याचीच संयुगे सर्वाधिक टिकत असतील. प्रत्यक्षात अनेक मालिकांमध्ये उलटे दिसते: त्याच लिगँडचे निकेलचे संयुग शांत असताना तांब्याचे मोडू लागलेले असते. कारण तांब्याच्या स्वभावात आहे. द्विभारी तांबे एक इलेक्ट्रॉन घेऊन एकभारी व्हायला तयार असते, आणखी एक घेऊन धातू व्हायलाही तयार असते. तापलेला, नायट्रोजन-कार्बन-हायड्रोजनने भरलेला लिगँड इलेक्ट्रॉन द्यायला शेजारीच बसलेला असतो. मग देवाणघेवाण होते, लिगँडचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याचे बंध अपेक्षेपेक्षा लवकर तुटतात. जस्ताला हा मार्ग सहजी उपलब्ध नाही. द्रावणातला टिकाऊपणा आणि उष्णतेपुढचा टिकाऊपणा हे दोन निराळे गुण आहेत, आणि तांबे हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे.

सभोवतालची हवाही निकालात भाग घेते. तेच संयुग नायट्रोजनच्या प्रवाहात तापवले तर तळाशी लालसर तांबे, कधी त्यात मिसळलेला कोळसा, मिळू शकतो. हवेत तापवले तर कार्बन जळून जातो आणि काळे ऑक्साइड उरते. शिवाय कॉपर ऑक्साइड हे ज्वलनाला चालना देणारे उत्प्रेरक आहे, त्यामुळे पहिले कण तयार झाले की उरलेल्या सेंद्रिय भागाचे जळणे वेग घेते आणि आलेखाची रेघ अचानक खाली कोसळते.

या सगळ्या मोडतोडीत एक संयुग मात्र अढळ आहे, आणि ते सापडले चुकून. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग येथे १९२७ मध्ये आंरी द दिएसबाख आणि एडमंड फॉन देर वाइड हे डायब्रोमोबेन्झीन आणि कॉपर सायनाइड पाइरिडीनमध्ये तापवत होते. त्यांना हवे होते एक रंगहीन नायट्राइल. हाती आली गडद निळी पूड, जिच्यावर संहत सल्फ्युरिक आम्ल, अल्कली किंवा उष्णता यांपैकी कशाचाच परिणाम होईना. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या ग्रेंजमथमधल्या स्कॉटिश डाइज कारखान्यात थॅलिमाइड बनवताना भांड्याच्या आतल्या काचेच्या लेपाला तडा गेला, रसायन लोखंडाला भिडले आणि निळी-हिरवी अशुद्धी दिसू लागली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पॅट्रिक लिनस्टेड याने १९३४ पर्यंत या कुळाची घडण उलगडली आणि त्याला थॅलोसायनीन हे नाव रूढ केले. जे. मॉन्टिथ रॉबर्टसन याच्या क्ष-किरण चित्रांनी ती घडण पक्की केली.

थॅलोसायनीनमध्ये चार नायट्रोजन एकाच सपाट, बंद कड्याच्या आत बसलेले असतात आणि तांबे त्यांच्या बरोबर मध्यभागी. तांब्याला आवडणारी सपाट चौकोनी जागा इथे तयारच असते. इथे सुटणारे टोक नाही. एक बंध सैल झाला तरी उरलेले तीन आणि सगळे कडे मिळून नायट्रोजनला जागेवर ठेवतात, आणि कड्यातले इलेक्ट्रॉन सर्वत्र पसरलेले असल्याने कडेही सहजी फुटत नाही. निर्वात नळीत ५०० अंशांच्या वर नेले तर हा पदार्थ मोडत नाही. घनाचा थेट वायू होतो आणि थंड टोकाला पुन्हा निळ्या स्फटिकांच्या रूपात जमतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठी अतिशुद्ध नमुना हवा असेल तर तो असाच शुद्ध करतात. सेंद्रिय लिगँड असलेले संयुग पाचशे अंशांतून अखंड परत यावे, ही मला रसायनशास्त्रातली अत्यंत सुंदर गोष्ट वाटते.

त्याहून विशेष म्हणजे हे संयुग उष्णतेतूनच जन्मते. कारखान्यात थॅलिक अॅनहायड्राइड, युरिया, तांब्याचा क्षार आणि थोडे अमोनियम मॉलिब्डेट २०० अंशांच्या जवळपास तापवतात. युरिया मोडतो, त्यातला नायट्रोजन कड्यात जातो आणि तांब्याभोवती कडे मिटते. एकाच्या विघटनातून दुसऱ्याची उभारणी. १९३५ मध्ये मोनॅस्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आलेला हा रंग आज चाररंगी छपाईतल्या निळ्या शाईचा आधार आहे. भारत त्याच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. गुजरातच्या औद्योगिक पट्ट्यात त्याचे अनेक कारखाने आहेत, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात रोहा-महाडला रंगद्रव्यांचा मोठा उद्योग उभा आहे.

दुसऱ्या टोकाला अशी संयुगे आहेत जी तापवण्याची वाटच पाहत असतात. एथिलीनडायअमीनसारखा लिगँड म्हणजे इंधन. त्याच स्फटिकात सल्फेटऐवजी नायट्रेट किंवा परक्लोरेट आयन बसवला की जळायला लागणारा ऑक्सिजनही हाताशी येतो. इंधन आणि ऑक्सिजन यांच्यात अंतर उरते ते काही अब्जांश मीटरांच्याही खालचे, आणि मधोमध उत्प्रेरक म्हणून तांबे. अशा संयुगाचे विघटन पायऱ्यांनी होत नाही. एका तापमानाला ते भडकते किंवा फुटते. आणखी पुढे टेट्राझोल हे नायट्रोजनने ठासून भरलेले कडे येते. एकभारी तांब्याचे नायट्रोटेट्राझोल संयुग अमेरिकेत डीबीएक्स-१ या नावाने विकसित झाले. डिटोनेटरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे लेड अझाइड विषारी आहे. शिसे टाळून त्याच्या जागी हे संयुग वापरता यावे हा हेतू. पुण्याच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीसारख्या संरक्षण प्रयोगशाळांत ऊर्जाद्रव्यांचा अभ्यास होतो तेव्हा उष्णतेखालील वर्तन हा त्यातला पायाभूत प्रश्न असतो: केव्हा सुरू होते, किती वेगाने वाढते, साठवणीत किती काळ सुरक्षित राहील.

या दोन टोकांच्या मध्ये आजचा सर्वांत उपयोगी प्रदेश आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर किंवा कागदावर तांब्याची वीजवाहक रेघ छापायची असेल तर वितळलेले तांबे अर्थातच चालणार नाही. बाटल्यांचे पेट प्लॅस्टिक दीडशे अंशांच्या पुढे आक्रसू लागते. चांदीची शाई हा प्रचलित उपाय, पण ती महाग. तांब्याची वाहकता चांदीच्या सुमारे ९५ टक्के आणि किंमत कितीतरी पट कमी. मग तांबे धातू म्हणून न छापता संयुग म्हणून छापावे आणि छपाईनंतर संयुगाने स्वतःच मोडून धातू सोडावा, अशी ही युक्ती.

त्यासाठी निवडलेला क्षार म्हणजे कॉपर फॉर्मेट. याची मोठी सोय अशी की फॉर्मेट आयन स्वतःच इलेक्ट्रॉन पुरवतो. नायट्रोजन वायूत तापवले की २०० अंशांच्या आसपास तांबे उरते. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन उडून जातात, कोळसा मागे राहत नाही. पण २०० अंशही पेटला जास्तच. इथे अमीन मदतीला येते. ऑक्टिलअमीनसारख्या अमीनचे नायट्रोजन तांब्याला बांधले गेले की फॉर्मेट आणि तांबे यांच्यातली मांडणी बदलते, ऑक्सिजनकडचे बंध सैल होतात, आणि विघटन ११० ते १५० अंशांच्या टप्प्यात येते. तांबे आधी एकभारी होते, मग धातू. अमीन बाजूला होऊन उडून जाते. शिवाय त्याच्यामुळेच मूळ क्षार विरघळतो आणि त्याची शाई बनते.

या युक्तीलाही मोल आहे, आणि ते साध्या हिशेबातून दिसते. निर्जल कॉपर फॉर्मेटमध्ये वजनाच्या ४१ टक्के तांबे असते. दर तांब्यामागे ऑक्टिलअमीनचे दोन रेणू जोडले की तेच प्रमाण १५ टक्क्यांवर येते. म्हणजे छापलेल्या थरातले ८५ टक्के वजन धुरावाटे जाणार आणि थर आक्रसून त्यात भेगा नि पोकळ्या राहणार. लहान अमीन घ्यावे तर तांब्याचा वाटा वाढतो, पण ते विघटनाआधीच उडून जाण्याचा धोका. म्हणून संशोधक एकाच रेणूत अमीन आणि अल्कोहोल असलेली संयुगे वापरून पाहतात. ती कमी वजनात तांब्याला अधिक घट्ट बिलगतात. नव्याने तयार झालेले तांब्याचे सूक्ष्म कण हवेत लगेच ऑक्साइड होतात, म्हणून ही क्रिया नायट्रोजन वायूखाली करावी लागते. या अडचणी खऱ्या आहेत. तरीही चांदीला पर्याय म्हणून तांब्याच्या या शाईची वाट मला बरोबर वाटते, कारण तिचा दोष कुठे आहे हे नेमके कळलेले आहे.

इलेक्ट्रॉनिक्समध्येच याच्या उलट मागणीचीही जागा आहे. सर्किट बोर्डाच्या उघड्या तांब्यावर बेन्झइमिडॅझोल जातीच्या संयुगांचा मायक्रॉनच्या अंशाएवढा थर चढवतात. तांबे आणि नायट्रोजन यांच्या बंधांनी बनलेला हा थर तांब्याला गंजण्यापासून राखतो. शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो आणि भट्टीचे तापमान २५० अंशांच्या आसपास नेतात, तेही बोर्डाच्या दोन बाजूंसाठी दोनदा. थराने तोवर टिकले पाहिजे, आणि डाख लागण्याच्या क्षणी फ्लक्सपुढे दूर झाले पाहिजे.

शेवटी, ज्यांच्या हातात अशी नवी संयुगे रोज तयार होतात त्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना एक विनंती. टीजीएचा आलेख प्रबंधात औपचारिकता म्हणून चिकटवू नका. केवळ एका आलेखावरून सक्रियण ऊर्जा दशांश स्थळांपर्यंत छापू नका. मिनिटाला पाच, दहा आणि वीस अंश अशा निदान तीन वेगांनी तापवा. होमर किसिंजर याने १९५७ मध्ये दाखवलेली रीत याच तुलनेवर उभी आहे. एकदा हवेत आणि एकदा नायट्रोजनमध्ये मोजा. बाहेर पडणारा वायू शक्य तिथे वस्तुमान वर्णपटाने ओळखा, आणि मुशीत उरलेली पूड टाकून न देता तिचे क्ष-किरण चित्र घ्या. उरलेले तांबे आहे की ऑक्साइड हे वजनाच्या अंदाजाने ठरवू नका. आणि संयुगात नायट्रेट, परक्लोरेट किंवा अझाइड असेल तर एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त मुशीत घेऊ नका, झाकण घट्ट लावू नका आणि मार्गदर्शकांना सांगितल्याशिवाय भट्टी सुरू करू नका.